चौथ्या विसाव्याची खुर्ची

मित्रांनो, मुंबई इलाख्याच्या आठ गव्हर्नरांचं वजन मला पाठ आहे. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात ते सापडायचं नाही. पुस्तकात त्यांच्या पदव्या असतात, त्यांनी बांधलेले पूल असतात, कोण कधी आला आणि कधी गेला त्याच्या तारखा असतात. पण नेरळच्या ठेसनापासून माथेरानच्या बंगल्यापर्यंत कोण उजवीकडे कलून बसायचा, कोण वळणावर माझे हात घट्ट धरायचा आणि कोण चढावर चक्क घोरायचा, हे फक्त मला ठाऊक. मी त्यांची खुर्ची. बैठकीतली नव्हे, खांद्यावरून जाणारी. आमच्याकडचे लोक मला लाटसाहेबाची डोली म्हणत, आणि तसं म्हणताना छाती जरा पुढे काढत.

माझा जन्म कर्जतचा. आगगाडी बोरघाट चढून गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी हिरामण सुताराला सांगावा आला, की लाटसाहेब उन्हाळ्यात माथेरानला येणार आहेत, त्यांच्यासाठी सागाची खुर्ची करायची, दोन्ही अंगांनी दांडे ओवता येतील अशी. हिरामणने लाटसाहेब कधी पाहिला नव्हता. माप घ्यायचं कोणाचं? एवढ्या मुलखाचा धनी, म्हणजे अंगानंही तसाच भरलेला असणार, असं धरून त्याने पेठेतल्या सगळ्यांत लठ्ठ वाण्याला बोलावलं, पाटावर बसवलं आणि त्याच्या मापाने माझी बैठक कापली.

खुर्ची तयार झाली, पण बसून बघायला कोणी धजेना. लाटसाहेबाच्या आसनावर आधी बसल्याचा गुन्हा लागला तर? शेवटी हिरामणने आपल्या आईला, भागूबाईला, हाताला धरून आणलं. म्हातारी नको नको म्हणत बसली, जराशी डुलली, उठली आणि तिने मला हळदीकुंकू लावलं. तेव्हा मित्रांनो, माझ्यावर आधी बसली ती कर्जतची भागूबाई. गव्हर्नर तिच्यामागून.

आणि पहिला लाटसाहेब निघाला काठीसारखा बारीक. वाण्याच्या मापात तो बिचारा शेवग्याच्या शेंगेसारखा या कडेचा त्या कडेला सरकायचा. पहिल्या वर्षी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उशा कोंबून त्याला वर न्यावं लागलं.

माझे भोई दहिवलीचे आणि कडावचे. पावसाळ्यात आणि पिकाच्या दिवसांत भातात राबणारी माणसं. होळी झाली की शेतं मोकळी पडत, आणि ती नेरळला येत. आठ जण दांड्याला, आठ जण पालटायला. सर्वांत पुढे, डाव्या दांड्याला, भिवाजी. दहिवलीचा. उंच, सावळा, बोलायला कमी. तो म्होरक्या. मागच्या भोयांना माझ्या पाठीमुळे वाट दिसत नसे, म्हणून पुढचा वाट सांगत जाई आणि मागचे ते उचलत.

"डाव्या अंगाला दगूड."

"बघितला रं बघितला."

"फांदी आली वाकून."

"डोकी खाली, डोकी खाली."

कीर्तनात बुवांनी चरण टाकावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो झेलावा, तसंच ते. त्याच चालीवर आबाजी मधेच आपलं घुसडून देई. आबाजी म्हणजे भिवाजीच्या शेजारचा, उजव्या दांड्याचा. तोंडाचा मोकळा. "लोनी खाल्लं सायबानं," तो म्हणे. मागून बाकीच्यांचे आवाज येत, "वझं आमच्या खांद्याला." साहेबाला वाटे देवाचं गाणं चाललं आहे. तो मान डोलवी.

वाटेत सहा विसावे होते. विसावा म्हणजे रचलेल्या दगडांचा ओटा. म्होरक्याने हाक दिली की मला त्यावर टेकवायचं, खांदे पालटायचे, पाणी प्यायचं आणि मग पुढे. आणि ऐका मुलांनो, एकदा मी खांद्यावर चढले की गव्हर्नरसुद्धा म्होरक्याच्या हुकमात असे. भिवाजीने टेकवल्याशिवाय त्याला उतरता येत नसे, आणि भिवाजीने उचलल्याशिवाय पुढे जाता येत नसे. अख्ख्या इलाख्यात एवढा अधिकार दुसऱ्या कोणाकडे होता का ते मला माहीत नाही.

पावसाळ्यात माथेरानवर ओल फार, म्हणून मला दहिवलीच्या देवळाच्या ओवरीत आणून ठेवत. तो माझ्या वर्षातला सुखाचा काळ. चातुर्मासात रोज संध्याकाळी कीर्तन. मृदंगावर थाप पडली की माझ्या दांड्यांच्या भोकांतून वारं घुमायचं, आणि मला वाटायचं, आपणही ध्रुपद धरलं आहे. ज्याने भरल्या देवळातलं कीर्तन ऐकलं नाही, त्याचा पावसाळा नुसताच भिजण्यात गेला असं मी आजही म्हणते.

तिथले बुवा म्हणजे आबाजीचाच पुतण्या गण्या, विशीतला. पण तो नारदाच्या गादीवर उभा राहिला, की आबाजी उठे, त्याच्या कपाळाला बुक्का लावी, गळ्यात हार घाली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बैल मोकळे सोडले म्हणून त्याच पुतण्याचा कान धरून त्याला गल्लीभर फिरवी. एकदा कोणी तरी हसून विचारलं, तर आबाजी म्हणाला, "काल पाया पडलो ते गादीच्या. आज कान धरलाय तो गन्याचा."

भिवाजी ओवरीत माझ्याशेजारीच बसायचा. त्याने हे ऐकलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्या दिवसापासून तो मला उचलण्याआधी, मी रिकामी असले तरी, दांड्याला हात लावून तो कपाळाला लावू लागला. बाकीचे सात जणही लावू लागले. लाटसाहेब पाच वर्षांनी बदलत. एक गेला, दुसरा आला. हे भोई म्हणत, माणूस बदलतो, गादी तीच. मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं.

आता चौथ्या विसाव्याचं सांगते.

घाटाच्या अर्ध्यावर, डाव्या अंगाला, दहा-बारा घरांची उंबरवाडी होती. वाडीची विहीर होळीनंतर आटे. मग चौथ्या विसाव्यापाशी खडकातून एक झरा येई, त्यावर वाडीचा उन्हाळा निघे. करंगळीएवढी धार, पण वैशाखातही न तुटणारी. एका वर्षी बंगल्याच्या चांगो मुकादमाने त्या झऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं. चांगो बंगल्याचा सगळा कारभार पाही, भोई आणि घोडेवालेही त्याच्याच हाताखाली. त्याचं म्हणणं, वर साहेबांच्या तट्टांना पाणी पुरत नाही, हे पाणी आता त्यांच्यासाठी.

तेव्हा माझ्या हिशेबातला तिसरा गव्हर्नर होता. बोलघेवडा, सगळ्याची चौकशी करणारा. भिवाजीने मला चौथ्या विसाव्यावर टेकवलं, तर कुंपणाबाहेर चार बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. साहेबाने विचारलं. त्याच्याबरोबर एक शिरस्तेदार असत, पुण्याकडचे, दोन्ही भाषांत पक्के. त्यांनी भिवाजीला विचारलं आणि भिवाजीने आहे ते सांगितलं. वाडीची विहीर आटली, या पाण्यावर वाडी जगते, आणि औंदा कुंपण पडलं.

साहेबाने तिथल्या तिथे काटे काढायला लावले. हे पाणी वाडीचं आहे, माझ्या माणसांनी प्यावं, पण अडवू नये, असा हुकूम दिला. बायकांच्या घागरी भरेपर्यंत तो माझ्यावरच बसून राहिला, आणि मी त्या दिवशी आठ माणसांना हलकी वाटले असणार.

शिरस्तेदार भले गृहस्थ. जाताना त्यांनी भिवाजीला विचारलं, "हे लिहून घेऊन साहेबांची सही करून देऊ का?"

भिवाजीने हात जोडले. "गादीवरनं बुवा सांगतात, त्याचा कुनी कागुद करतं का? लाटसायेब खुर्चीतनं बोलले. झालं."

मित्रांनो, इथे तो चुकला. दहिवलीच्या देवळात जे खरं होतं, ते घाटावरही खरं असणार, असं त्याने धरलं. मीही तेच धरलं. शहाणी असते तर दांडा कुरकुरवला असता.

एवढंच होऊन राहिलं नाही. उंबरवाडीत मुलगी द्यायला कोणी राजी नसे, कारण पाण्याचे हाल. पण त्याच वर्षी भिवाजीने आपली मैना तिथे दिली. कडावच्या सोयऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, पाण्याला लाटसाहेबाचा शब्द आहे.

दोन वर्षांनी त्या साहेबाची मुदत भरली. तो विलायतेला गेला. नवा आला, पण पहिल्या उन्हाळ्यात तो माथेरानकडे फिरकलाच नाही. आणि चांगोने कुंपण पुन्हा उभं केलं. या वेळी काट्यांचं नाही, खांब ठोकून. वर एक राखणदारही बसवला.

मैना तेव्हा पोटुशी होती. ती घाट उतरून खाली नदीच्या डोहापर्यंत जाई आणि डोईवर दोन घागरी घेऊन तो चढ चढे. सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. एका खेपेला तिचा पाय घसरला. ती वाचली, पोटातलं वाचलं नाही.

त्या पावसाळ्यात ती माहेरी आली होती. कीर्तन संपल्यावर ओवरीत बापापाशी येऊन बसली. रडली वगैरे नाही. तिने माझ्या हातावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "बा, तू मला शब्दावर दिलीस. तो शब्द कुटं ठेवलायस, मला दाव."

भिवाजी माझ्याकडे वळला. मला पाठ आहे, पाय आहेत, हातसुद्धा आहेत. तोंड नाही. आजवर मला त्याची लाज वाटली नव्हती.

माघात त्याने चांगोला गाठलं. गादीचा शब्द गादीकडे राहतो, साहेब बदलला म्हणून पाणी कसं अडवता, असं विचारलं. चांगो हसून हसून खोकला. "तो साहेब गेला, त्याचा शब्द बोटीत बसून गेला. खुर्ची काय बोलते का रं, भिवाजी? बोलत असंल तर तिलाच इचार." आणि वर ताकीद दिली, की नवे साहेब या उन्हाळ्यात येताहेत. चौथ्या विसाव्यावर डोली टेकवायची नाही. तिसऱ्यावरून थेट पाचवा गाठायचा. कुंपण त्यांच्या नजरेला पडलं, तर म्होरक्याचा दांडा सुटला म्हणून समजायचं.

चैत्रात तो दिवस आला. गाडी यायला अवकाश होता. ठेसनाबाहेरच्या चिंचेखाली सोळा जण बसले होते. भिवाजीने पागोटं सारखं केलं आणि सांगितलं, की आज मी चौथ्याला टेकवणार आहे. ज्याला पोटाची भीती आहे त्याने आत्ताच घरी जावं, मी राग धरायचा नाही.

कोणी हललं नाही. मग आबाजी म्हणाला, "चौथा चुकवायचा म्हंजी माझ्या गुडघ्याला इचाराया पायजे. त्यो चौथ्यालाच बसतो. चांगोचं ऐकत नाय." सगळे हसले, आणि ते हसणं म्हणजेच होकार होता.

नवा गव्हर्नर वाण्याच्या मापाचा निघाला. हिरामणचा अंदाज सोळा-सतरा वर्षांनी बरोबर आला. भारी अंगाचा, मिश्यांचा, आणि बोलायला भिवाजीहून कमी. पहिल्या तीन विसाव्यांत त्याने तोंड उघडलं नाही. भोयांनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाही. नुसती वाट सांगणं आणि वाट झेलणं.

तिसऱ्यानंतरचा चढ सगळ्यांत उभा. तेच पुण्याकडचे शिरस्तेदार तट्टावर पुढे होते, चांगो मागून दुसऱ्या तट्टावर. वळण आलं. झऱ्याचा आवाज आला. भिवाजीने खांद्यावरचा डावा दांडा सावरून धरला.

"विसावा," त्याने हाक दिली.

"टेकवा रं टेकवा," मागून सगळे म्हणाले.

आणि मी चौथ्या ओट्यावर बसले. समोर कुंपण, कुंपणापलीकडे धार, अलीकडे वाडीच्या बायका. मैनाही होती. चांगो तट्टू दामटत आला आणि दबक्या आवाजात उचला म्हणून दटावू लागला. कोणी उचललं नाही.

साहेबाने का थांबलो म्हणून विचारलं. शिरस्तेदारांनी भिवाजीकडे पाहिलं. दम खायला थांबलो, एवढं सांगून त्यांना वेळ मारून नेता आली असती. भिवाजीलाही नेता आली असती.

भिवाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात जोडलेले, पण मान वर. "ह्ये पानी लाटसायबांनी वाडीला दिलंय. त्ये कुंपनात हाय. त्ये बघाया तुमाला टेकवलंय."

शिरस्तेदारांनी ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी एक अक्षर गाळलं नाही. देव त्यांचं भलं करो.

साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या. मी असं काही दिल्याचं मला आठवत नाही, असं तो म्हणाला.

"तुमी नाय दिलं," भिवाजी म्हणाला. "तुमच्या आदी हितं बसले व्हते त्यांनी दिलं. ह्याच खुर्चीत बसून. आमी खुर्चीचा शब्द धरून पोरी दिल्या वाडीत."

चांगोला राहवलं नाही. तो मधे पडून म्हणाला, हा म्हातारा लाकडाच्या खुर्चीला हुकूम विचारतो, त्याचं काय मनावर घ्यायचं. शिरस्तेदारांनी तेही साहेबाला सांगितलं. साहेब हसला नाही. त्याने दोन्ही पंजे माझ्या हातांवर ठेवले, जसा एखादा आपण नेमकं कुठे बसलो आहोत ते चाचपून बघतो. धार पडत होती.

मग त्याने विचारलं, "मी आज हे कुंपण काढलं, तरी मीसुद्धा पाच वर्षांचाच आहे. माझ्यामागून दुसरा येईल. कुंपण पुन्हा पडलं, तर काय कराल?"

भिवाजीने विचार केला नाही. "त्यालाबी हितंच टेकवू."

शिरस्तेदारांनी ते सांगितलं आणि मित्रांनो, तो अबोल माणूस मोठ्याने हसला. त्या हसण्याने माझे सांधे हलले. तो उतरला, कुंपणापाशी गेला आणि राखणदाराला फाटक उघडायला लावलं. मैनाची घागर आधी भरली. तिने तांब्याभर पाणी त्याच्यापुढे धरलं. तो ते उभ्याने प्याला आणि तांब्या परत देताना टोपी काढली.

शिरस्तेदारांना त्याने कागद मागितला आणि माझ्या उजव्या हातावर कागद ठेवून लिहिलं. टाकाची कुरकुर मला अजून जाणवते. मी वाडीला पाणी देतो, असं त्याने लिहिलं नाही. शिरस्तेदारांनी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं ते असं: 'जो कोणी या इलाख्याचा गव्हर्नर असेल, त्याची डोली या चौथ्या विसाव्यावर थांबेल. पाणी खुले आहे की नाही हे तो आपल्या डोळ्यांनी पाहील आणि मगच पुढे जाईल.' खाली सही करताना त्याने नावाआधी हुद्दा लिहिला.

भिवाजीने तो कागद दोन्ही हातांत घेतला. वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिला आणि मैनाकडे दिला. ती म्हणाली, "आता दिसला."

चांगोने आपला डाव साधलाच. उन्हाळा सरून साहेब घाट उतरताच, वय झालं असं कारण काढून, त्याने भिवाजीला पुढच्या दांड्यावरून मागच्या दांड्याला लावलं. सोळा-सतरा वर्षं वाट सांगणारा माणूस आता वाट झेलणारा झाला. माझ्या पाठीमागे त्याला काही दिसत नसे. पण चौथं वळण जवळ आलं, की पुढच्याने हाक देण्याआधी मागून भिवाजीचा आवाज यायचा. पुढे कोणी का असेना, विसावा तोच पुकारायचा.

त्यानंतर चार गव्हर्नर झाले. प्रत्येक जण चौथ्या विसाव्यावर थांबला. प्रत्येक जण वाडीच्या बाईच्या हातचं पाणी प्याला. एक जण थोडा नाक मुरडून प्याला, पण प्याला. उंबरवाडीत मुली द्यायला कडावचे लोक स्वतः येऊ लागले. मैनाला पुढे दोन मुलगे झाले. तुमच्या शाळेत गव्हर्नर म्हणजे काय असं विचारलं, तर खुशाल सांगा: पाच वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यावर बसणारा आणि टेकवला तिथे बघायला बांधलेला माणूस.

मग माथेरानवर छोटी गाडी आली. डोंगराला वळसे घालत, शिट्ट्या देत. साहेब लोक डब्यात बसून वर जाऊ लागले. गाडी दुसऱ्या अंगाने जाई. चौथ्या विसाव्यावर कोणीच येईना. मला बंगल्यामागच्या पडवीत टाकलं, फुटक्या कंदिलांच्या शेजारी. बैठकीचा वेत तुटला. एका पायाला वाळवी लागली. चांगो गेला, भिवाजीही गेला. भिवाजीच्या दहाव्याला दहिवलीत कीर्तन झालं म्हणे. मी ते ऐकायला नव्हते, एवढं एक दुःख मला आहे.

बंगल्याला नवा कारभारी आला. त्याला बागेत गुलाब हवे होते. त्याने झऱ्यावर पुन्हा खांब ठोकले आणि पाणी पंप लावून नळाने वर न्यायचं ठरवलं. बायकांनी कागद दाखवला. ओलीने त्याची अक्षरं पसरली होती. तो म्हणाला, यात डोली थांबेल असं आहे. आता डोलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीचं दार उघडलं. मैना होती. केस पांढरे झालेले, कमरेला पदर खोचलेला. तिच्यामागे वाडीच्या सात बायका, आणि त्यांच्या हातांत दोन कळकाचे दांडे. त्यांनी ते माझ्यातून ओवले, दांड्याला हात लावून कपाळाला लावला आणि मला उचललं. त्यांना सवय नव्हती. मी डावी-उजवीकडे हेलकावत होते, एक पाय माझा आधीच अर्धा. तरी मैना पुढून सांगत होती, "उजव्या अंगाला खळगा," आणि मागून सात बायका झेलत होत्या. त्यांच्यातली कोंडी म्हणाली, "मावशे, सायेब नसताना एवढी जड, तर सायेब असताना आपले बापे मेले कसे नाईत?" हसताना त्यांनी मला जवळजवळ पाडलंच होतं.

चौथ्या ओट्यावर त्यांनी मला टेकवलं, कुंपणाच्या फाटकाला पाठ लावून. दांडे काढून घेतले. तेवढ्यात कारभारी धावत आला आणि ही लाकडं उचला म्हणाला.

मैना म्हणाली, "डोली नाय म्हनत व्हतात. ही बगा, थांबलीया. लाटसायबाची खुर्ची हाय, तुमी हलवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर राणीसरकारचं चिन्ह कोरलेलं होतं, झिजलेलं, पण ओळखू येणारं. त्याने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. नळ घालायला आलेल्या गवंड्यांना त्याने सांगून पाहिलं. त्यांनी पागोटी काढली आणि ते बाजूला बसून राहिले. मग त्याने वरच्या साहेबांना कागद लिहिला. त्याचं उत्तर आलं की नाही, ते मला कळलं नाही. त्या पावसात खांब कुजले आणि पुन्हा कोणी ठोकले नाहीत.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्यावर आता कोणी बसत नाही. वाडीच्या बायका घागरी भरल्या, की माझ्या हातांवर टेकवतात, जरा दम घेतात, बोलतात आणि जातात. घागरीचं वजन लाटसाहेबापेक्षा कमी, पण मान तोच. खरं सांगायचं, तर थोडा जास्तच.

मुलांनो, कधी या वाटेने आलात आणि मी दिसले, तर मला उचलून छपराखाली नेऊ नका, मला रंगरोगण करू नका. लाकूड आहे, ते कुजायचंच. पण झऱ्याच्या तोंडाशी पानं साचतात. तेवढी हाताने बाजूला करा.